सर्जनशील लेखन आणि शिक्षक-प्रशिक्षण : दोन्ही एकत्र शिकावे का?

वाचकाचे पत्र

मी साहित्य विषयाच्या पदवीच्या पहिल्या वर्षात शिकते आहे. शाळेत असल्यापासून कथा लिहिते; त्यांतल्या दोन महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून आल्या. पुढच्या वर्षी मला दोनपैकी एक वाट निवडायची आहे. पहिली म्हणजे सर्जनशील लेखन आणि माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षण यांची चार वर्षांची संयुक्त पदवी. दुसरी म्हणजे आधी फक्त लेखनाची पदवी घ्यायची आणि पुढे वाटलेच तर शिक्षक-प्रशिक्षण. वडील म्हणतात, शिक्षकाची नोकरी हाताशी असू दे, लेखन फावल्या वेळात होईल. लिहिणारे मित्र म्हणतात, एकदा शाळेत गेलीस की लेखन संपले. दोन्ही अर्धवट राहतील अशी मला धास्ती वाटते, आणि चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभे राहण्याचीही भीती आहे. मी काय करावे?

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या वडिलांचे आणि मित्रांचे मत परस्परविरोधी दिसत असले, तरी त्या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. लेखन आणि अध्यापन ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि एकाला दिलेला वेळ दुसऱ्यातून वजा होतो, असे दोघेही धरून चालले आहेत. वडिलांना ती वजाबाकी परवडणारी वाटते आणि मित्रांना ती घातक वाटते, एवढाच काय तो फरक. अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना भाषा शिकवल्यानंतर आणि पुढे प्रशिक्षणार्थी शिक्षकांसोबत काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या दोन कामांमध्ये एक मोठा भाग समाईक आहे, आणि तो तुम्हाला आवडतो की नाही, यावरच तुमचा निर्णय अवलंबून असायला हवा. तो भाग म्हणजे अपुरे, कच्चे, अजून आकाराला न आलेले लेखन लक्षपूर्वक वाचणे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी लिहिलेले असे लेखन वाचण्यात तुमचे मन रमणार असेल, तर संयुक्त पदवी निःशंकपणे घ्या. तुम्हाला फक्त सिद्ध झालेले साहित्य वाचायला आवडत असेल, किंवा स्वतःच्या लेखनापलीकडे इतरांच्या मसुद्यांत फारसा रस नसेल, तर तो काही दोष नाही. मात्र मग लेखनाची स्वतंत्र पदवी घेऊन उपजीविकेसाठी एखादे वेगळे काम निवडणे तुमच्या आणि विद्यार्थ्यांच्याही हिताचे ठरेल.

या समाईक भागाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवेशाच्या माहितीपत्रकांत तो सहसा सापडत नाही. नववीतल्या एका मुलाने आजोबांवर निबंध लिहिला आहे, अशी कल्पना करा. पहिल्या परिच्छेदात आजोबा प्रेमळ आहेत, शिस्तप्रिय आहेत, पहाटे लवकर उठतात. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी चांगले संस्कार केले आहेत. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर मात्र एक वाक्य येते : ‘आता त्यांच्या खोलीचे दार कोणी लावत नाही आणि उघडतही नाही.’ त्यानंतर निबंध पुन्हा ठरावीक वाटेने जातो आणि आजोबांच्या आदर्शावर संपतो. हा निबंध नेहमीच्या पद्धतीने तपासणारा शिक्षक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अधोरेखित करील, समारोप चांगला झाला आहे असा शेरा देईल आणि दहापैकी सहा गुण देऊन पुढची वही उघडेल. ज्याने स्वतः कथेचे चार-पाच खर्डे लिहून फाडलेले आहेत, त्याची नजर त्या दाराच्या वाक्यावर थांबेल. निबंध खरा तिथे सुरू होतो, हे त्याला कळेल, कारण स्वतःच्या मसुद्यातही पहिली दोन पाने केवळ हात मोकळा करण्यासाठी लिहिली गेली होती आणि खरे वाक्य उशिरा आले होते, हा अनुभव त्याने घेतलेला असतो. तो त्या मुलाला सांगेल, ‘या वाक्यापासून पुन्हा लिही. त्या खोलीत आता काय काय आहे?’

हे जाणणे लेखनाच्या अभ्यासातून येते. पण ते त्या मुलाला अशा रीतीने सांगणे की तो दुखावणार नाही, वहीत खरोखर पुन्हा लिहील, आणि वर्गातली उरलेली एकोणचाळीस मुलेही त्या वेळी कामात असतील, हे शिक्षक-प्रशिक्षणातून येते. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ साली असे मांडले की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सामान्य कौशल्य यांच्याखेरीज शिक्षकाकडे तिसऱ्या प्रकारचे ज्ञान लागते : हा विशिष्ट विषय शिकताना विद्यार्थी नेमका कुठे अडतो आणि त्याला तिथून कसे सोडवायचे, याचे ज्ञान. लेखनाच्या बाबतीत ते केवळ पुस्तके वाचून हाती लागत नाही. स्वतः अडल्याशिवाय दुसऱ्याचे अडणे ओळखता येत नाही आणि प्रत्यक्ष मुलांसमोर गेल्याशिवाय ते सोडवताही येत नाही.

लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, हे सांगणारी एक मोठी परंपराही आहे. जॅनेट एमिग या अमेरिकन संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मनात येईल ते मोठ्याने बोलत लिहायला लावले आणि त्यांच्या लेखनाची प्रक्रिया टिपली. आधी मुद्दे काढा, मग ते क्रमाने विस्तारा, अशी जी सरळ पद्धत शाळेत सांगितली जाते, तिच्याशी मुलांचे प्रत्यक्ष लिहिणे फारसे जुळत नव्हते. स्वतः न लिहिणारा शिक्षक या प्रक्रियेला फार सोपे समजून बसतो, अशी त्यांची टीका होती. पुढे १९७४ साली बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी शिक्षकांसाठी एक लेखन प्रकल्प सुरू केला आणि नंतर तो अमेरिकाभर पसरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी एकत्र यायचे, आपण वर्गात काय करतो ते एकमेकांना दाखवायचे आणि त्याचबरोबर स्वतः लिहून ते एकमेकांना वाचून दाखवायचे, असे त्याचे स्वरूप होते. तुम्ही ज्या संयुक्त पदवीचा विचार करता आहात, ती हेच काम विद्यार्थिदशेतच करण्याची संधी देते, आणि नोकरीला लागल्यावर अशी संधी मिळवायला पुष्कळ धडपडावे लागते.

आता या दोन शिक्षणांमध्ये जिथे ओढाताण होते, त्याकडे वळतो. तिथे सावध राहिले नाही, तर लेखनाच्या वर्गात शिकलेली चांगली गोष्ट शाळेत अपायकारक ठरू शकते.

लेखनाच्या पदवीचा कणा म्हणजे कार्यशाळा. आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेपासून ही पद्धत जगभर पसरली. तिचे रूढ स्वरूप असे : लेखकाने आपला मसुदा सगळ्यांना आधी वाचायला द्यायचा, चर्चेच्या वेळी त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी त्या मसुद्याची गुणदोषांसह चिकित्सा करायची. स्वेच्छेने आलेल्या, लेखक होऊ पाहणाऱ्या प्रौढांच्या गटातही ही पद्धत कधी कधी जिव्हारी लागते. माध्यमिक वर्गातली मुले तर स्वेच्छेने आलेली नसतात. त्यांना पुढची दोन-तीन वर्षे त्याच मुलांबरोबर त्याच बाकांवर बसायचे असते आणि आपले लेखन म्हणजे आपणच, असे मानण्याचे ते वय असते. अशा मुलीला गप्प बसवून तिच्या कवितेवर वर्गाला तुटून पडू दिले, तर ती कविता सुधारणार नाही. ती मुलगी कविता दाखवणे बंद करील. प्रशिक्षणार्थी शिक्षकांपैकी जे लेखनाच्या अभ्यासातून आलेले असतात, ते हा प्रयोग फार उत्साहाने करतात आणि म्हणून मी याविषयी मुद्दाम आग्रहाने लिहितो आहे.

यावर उपाय आहे. नृत्यरचनाकार लिझ लेर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची एक चार टप्प्यांची पद्धत तयार केली, आणि ती लेखनाच्या वर्गांतही वापरली जाते. पहिल्या टप्प्यात ऐकणारे फक्त एवढेच सांगतात की, त्यांना काय लक्षात राहिले, काय भिडले. दुसऱ्या टप्प्यात निर्माता स्वतः प्रश्न विचारतो. तिसऱ्यात इतर जण प्रश्न विचारतात, परंतु त्या प्रश्नांत मत दडलेले नसावे अशी अट असते. ‘शेवट इतका घाईत का केलास?’ असे न विचारता ‘शेवटी वाचणाऱ्याला काय वाटावे असे तुझ्या मनात होते?’ असे विचारायचे. चौथ्या टप्प्यात, निर्मात्याची परवानगी घेऊनच, मत सांगायचे. माझ्या अनुभवात किशोरवयीन मुले पहिले दोन टप्पे सहज शिकतात, तिसरा शिकायला त्यांना बरेच आठवडे लागतात आणि चौथा बहुतेक वेळा लागतच नाही. पदवीच्या कार्यशाळेत बसाल तेव्हा मत ऐकण्याबरोबरच कोणत्या पद्धतीने प्रतिसाद दिल्यावर तुम्ही खरोखर पुन्हा लिहायला बसलात, याचीही नोंद ठेवा. ती नोंद पुढे वर्गात तुमच्या फार उपयोगी पडेल.

दुसरी ओढाताण अधिक गंभीर आहे. लेखनाच्या अभ्यासात ‘जे खरे आहे ते लिहा, जे लिहायला भीती वाटते ते लिहा’ असा आग्रह असतो आणि तो योग्यच असतो. शाळेत तसे सांगितल्यावर एखाद्या दिवशी एखाद्या वहीत घरातल्या मारहाणीविषयी, स्वतःला इजा करण्याविषयी किंवा कोणा मोठ्या माणसाने केलेल्या त्रासाविषयी लिहिलेले तुमच्या हाती येईल. त्या क्षणी तुम्ही त्या मजकुराच्या शैलीच्या वाचक नसता. तुमच्यावर त्या मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी असते, आणि तो मजकूर शाळेतल्या संबंधित जबाबदार व्यक्तीपर्यंत पोचवणे तुमचे कर्तव्य असते. म्हणून विद्यार्थ्यांना ‘तुम्ही लिहाल ते माझ्यापाशीच राहील’ असे वचन कधीही देऊ नका. पहिल्याच लेखन-तासाला त्यांना मोकळेपणाने सांगा की, तुमची वही मी आदराने वाचीन, तुमच्या परवानगीशिवाय वर्गात वाचून दाखवणार नाही, मात्र तुम्ही किंवा दुसरे कोणी धोक्यात आहे असे मला दिसले, तर मी गप्प बसणार नाही. हे ऐकल्यावर मुले लिहायची थांबत नाहीत. उलट, कोणाला कळावे म्हणूनच काही मुले लिहितात.

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगतो. विद्यार्थ्यांनी विश्वासाने लिहिलेले अनुभव तुमच्या कथांचा कच्चा माल नाहीत. लेखकाला चोहीकडे कथा दिसतात, आणि शाळेत तर त्या दर तासाला दिसतील. वर्गात वावरून माणसांविषयीची जी समज येते, ती तुमची आहे. एखाद्या मुलीच्या वहीतली घटना तिची आहे. ही मर्यादा संयुक्त पदवीच्या पहिल्याच वर्षी स्वतःशी स्पष्ट करून घ्या.

आता निवडीच्या व्यावहारिक बाजूकडे. तुमच्यापुढच्या दोन वाटांना शिक्षक-शिक्षणात समांतर आणि क्रमवार पद्धत असे म्हटले जाते. समांतर पद्धतीत विषयाचा अभ्यास आणि अध्यापनाचे प्रशिक्षण पहिल्या वर्षापासून बरोबर चालतात. क्रमवार पद्धतीत विषयाची पदवी पूर्ण करून मग एक किंवा दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले जाते. समांतर पद्धतीचा मोठा लाभ असा की, सोमवारी कार्यशाळेत शिकलेली गोष्ट त्याच महिन्यात शाळेत करून पाहता येते आणि शाळेत अडलेली गोष्ट पुन्हा कार्यशाळेत आणता येते. तोटा असा की, मधेच लक्षात आले की आपल्याला शिक्षक व्हायचे नाही, तर बाहेर पडणे अवघड होते. म्हणून संयुक्त पदवीत दुसऱ्या वर्षानंतर फक्त लेखनाच्या पदवीकडे वळता येते का आणि तसे केल्यास मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) धरले जातात का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या. हा दरवाजा उघडा असेल, तर तुमची बरीचशी धास्ती आपोआप कमी होईल.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न शिक्षक म्हणून होणाऱ्या नोंदणीचा आहे. बहुतेक देशांत माध्यमिक शिक्षकाला परवाना देणारी यंत्रणा अध्यापनाच्या विषयात पदवी स्तरावरचा ठरावीक अभ्यास मागते. तुम्ही बहुधा भाषेच्या शिक्षिका व्हाल, कारण सर्जनशील लेखन हा माध्यमिक शाळेत क्वचितच स्वतंत्र विषय असतो. भाषेसाठीचा हा अभ्यास साहित्य, भाषाविज्ञान आणि व्याकरण यांचा मानला जातो. कथालेखनाच्या किंवा कवितेच्या कार्यशाळांचे श्रेयांक त्यात मोजले जातातच असे नाही. संयुक्त पदवी आखणाऱ्या विद्यापीठाने याचा विचार केलेला असणे अपेक्षित आहे, तरीही तुम्ही स्वतः खात्री करा. क्रमवार वाट निवडली, तर हा धोका वाढतो : निव्वळ लेखनाची पदवी हातात घेऊन प्रशिक्षणाला गेल्यावर साहित्याचे आणखी काही विषय पूर्ण करा, असे सांगितले जाऊ शकते. तुम्ही आज साहित्याच्या पदवीत आहात, हे या दृष्टीने चांगलेच आहे. पहिल्या वर्षाचे श्रेयांक नव्या अभ्यासक्रमात वर्ग करून घेण्याचा अर्ज वेळेत करा.

अध्यापनाचा दुसरा विषय घ्यावा लागत असेल, तर माझी शिफारस इतिहासाची आहे. इतिहासाचा शिक्षक पुरावा, साक्ष आणि एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिकती हाताळतो, आणि कथाकाराला यापेक्षा चांगला सराव नाही. नाट्यशिक्षण उपलब्ध असेल, तर तेही चालेल.

प्रत्यक्ष शाळेतला सरावाचा काळ, ज्याला काही ठिकाणी आंतरवासिता म्हणतात, तो तुमच्या लेखनाचा वेळ खाईल, यात शंका नाही. पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, तयार करणे, मार्गदर्शक शिक्षकांकडून ते तपासून घेणे, पाठ घेणे, निरीक्षणावरचे शेरे समजून घेणे आणि रात्री दुसऱ्या दिवशीची तयारी करणे, यात संध्याकाळ उरत नाही. मोठ्या लेखनप्रकल्पाचे अंतिम सत्र आणि शाळेतल्या सरावाचे दीर्घ सत्र एकाच वेळी येणार नाही, अशी विषयांची आखणी सुरुवातीलाच करून घ्या. त्या काळात कादंबरी पुढे सरकावी अशी अपेक्षा स्वतःकडून धरू नका. रोज अर्धे पान लिहा, ऐकलेले संवाद टिपा, वर्णने करा. सुट्टीत त्यांतून काय निघते ते पाहा. अशा लहान टिपणांची सवय नोकरीतही उपयोगी पडते.

मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते हिशेब मांडूनच सांगतो. समजा, तुमच्याकडे चार वर्ग आहेत आणि प्रत्येकात चाळीस विद्यार्थी आहेत. सगळ्यांनी एक निबंध लिहिला आणि तुम्ही प्रत्येकाला पाच मिनिटे दिलीत, तर ८०० मिनिटे होतात, म्हणजे तेरा तासांहून अधिक. दर आठवड्याला हे करणारा शिक्षक स्वतःचे काही लिहू शकणार नाही, आणि फार काळ चांगला शिक्षकही राहणार नाही. परंतु प्रत्येक लेखनातली प्रत्येक चूक शिक्षकाने लाल शाईने दाखवली पाहिजे, हा समज मुळातच तपासून पाहण्यासारखा आहे. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनशिक्षणावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात लेखनाची आखणी आणि पुनर्लेखन करण्याच्या पद्धती थेट शिकवणे, सारांश लिहायला शिकवणे आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या साहाय्याने मसुदे लिहून सुधारणे यांचा स्पष्ट फायदा दिसला. व्याकरण लेखनापासून तोडून शिकवल्याने लेखन सुधारल्याचे दिसले नाही. मुलांनी पुष्कळ लिहावे, त्यातले बरेचसे एकमेकांना वाचून दाखवावे, आणि शिक्षकाने ठरावीक काळाने एकच निवडक मसुदा खोलवर वाचावा, अशी रचना केली, तर विद्यार्थी जास्त शिकतात आणि तुमची संध्याकाळही वाचते. ही रचना उभी करायची कशी, हे शिकणे म्हणजेच तुमच्या प्रशिक्षणाचा गाभा समजा.

नोकरीत तुमचा बहुतांश वेळ नेमलेले पाठ, आकलनाचे प्रश्न, व्याकरण आणि परीक्षेची तयारी यांत जाईल, हेही आधीच ठाऊक असू द्या. लेखनाला आठवड्यातून एखादा तास मिळाला, तरी तो नेमाने घ्या.

शिकवताना लिहिता येते का, या प्रश्नाला लेखकांची चरित्रे एकसारखे उत्तर देत नाहीत. इंदिरा संत यांनी बेळगाव इथे शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकवले, पुढे तिथले प्राचार्यपद सांभाळले, आणि त्यांची कविता त्या सगळ्या वर्षांत लिहिली जात राहिली. विल्यम गोल्डिंग सॉल्सबरी इथल्या मुलांच्या शाळेत शिक्षक असतानाच १९५४ साली त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. याउलट फ्रँक मॅकोर्ट यांनी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत जवळपास तीस वर्षे शिकवले आणि त्यांचे पहिले पुस्तक निवृत्तीनंतर, १९९६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आले. यातली कोणती वाट तुमच्या वाट्याला येईल, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. एवढे मात्र खरे की, ‘फावल्या वेळात होईल’ हा वडिलांचा दिलासा प्रेमाचा असला तरी त्यावर विसंबून राहू नका. फावला वेळ शिक्षकाला मिळत नाही. तो ठरवून राखावा लागतो. शाळा सुरू होण्यापूर्वीचा सकाळचा तास किंवा आठवड्यातली एक सुट्टी, जे काही राखाल ते घरच्यांना सांगून राखा. वडिलांनाही हे आजच सांगा.

आता तुमच्या भीतीविषयी. वर्गासमोर उभे राहण्याची भीती अनेक चांगल्या शिक्षकांना वाटलेली असते, आणि प्रशिक्षणाची रचना ती गृहीत धरूनच केलेली आहे. सूक्ष्म अध्यापन ही पद्धत ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली. तीत मोजक्याच विद्यार्थ्यांसमोर पाच ते दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो आणि एका वेळी एकाच कौशल्यावर लक्ष द्यायचे असते : कधी प्रश्न विचारणे, कधी उदाहरण देणे, कधी विषयाची सुरुवात करणे. त्यावर प्रतिसाद मिळाला की पाठाची पुन्हा आखणी करून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. कथेचा दुसरा खर्डा लिहिणाऱ्या माणसाला ही पद्धत परकी वाटणार नाही. पहिला पाठ फसला म्हणजे आपण शिक्षक होऊ शकत नाही, असा निष्कर्ष इतर प्रशिक्षणार्थी झटकन काढतात. पहिला मसुदा फसतोच, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे.

अर्जाची मुदत संपण्यापूर्वी दोन कामे करा. एखाद्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आठवडाभर भाषेचे तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा, आणि शिक्षकांची हरकत नसेल, तर मुलांच्या नावांशिवाय काही निबंध वाचायला मिळतात का, ते पाहा. ते वाचताना तुम्हाला काय काय करावेसे वाटते, हे प्रामाणिकपणे लिहून काढा : बाजूला ठेवून द्यावेसे वाटते, चुका दुरुस्त कराव्याशा वाटतात, की त्या मुलाशी बोलावेसे वाटते. दुसरे काम विद्यापीठाशी पत्रव्यवहाराचे. श्रेयांकांची मान्यता, लेखन पदवीकडे वळण्याची सोय, सराव-सत्र आणि लेखनप्रकल्प यांचे वेळापत्रक हे वर आलेले प्रश्न त्यात घालाच, आणि आणखी एक विचारा : लेखन शिकवणारे आणि अध्यापन शिकवणारे प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या कामाविषयी कधी एकत्र बसून बोलतात का, एखादा विषय दोघे मिळून शिकवतात का? अनेक संयुक्त पदव्यांत दोन विभाग एकमेकांना ओळखतही नाहीत आणि जोडण्याचे सगळे काम विद्यार्थ्यावर पडते. उत्तर नकारार्थी आले, तरी प्रवेश नाकारू नका; फक्त पहिल्याच सत्रात दोन्हीकडच्या एकेका प्राध्यापकांना स्वतः जाऊन भेटा आणि त्यांना तुमचे एकमेकांच्या विभागातले काम दाखवायला सुरुवात करा.